गैरहजर आमदाराचा पगार आणि आपली राज्यघटना

आपल्या बौद्धवाडीतली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर उभी राहिली. गिरणी असो, गोदी असो की महापालिकेची नोकरी असो, खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला, हे आमच्या आजोबांपासून सगळ्यांना तोंडपाठ. गावकीच्या बैठकीला न कळवता गैरहजर राहणाऱ्याला दंड लावायची रीतसुद्धा कोकणातल्या अनेक वाड्यांत आहे. त्यामुळे विधानसभेच्या रिकाम्या बाकांचा फोटो वर्तमानपत्रात आला की विहाराच्या ओट्यावर हमखास प्रश्न निघतो, "आमचा खाडा कापतात, मग यांचा का नाही?" आणि विचारणारा पुढे असंही म्हणतो की, घटनेतच तशी सोय नसणार. घटना ज्यांनी लिहिली त्यांच्या तसबिरीखाली बसून हे बोललं जातं, म्हणून या स्मरणिकेत त्या प्रश्नाचा इतिहास मांडावा असे आम्हांला वाटले.

उत्तर आधीच सांगून टाकतो. कापता येतो. राज्यघटना आड येत नाही. पण तो कोणी कापायचा, कापल्याने नेमकं कोणाचं नुकसान होतं, आणि गैरहजेरीची खरी शिक्षा घटनेने कोणती ठरवली आहे, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे प्रश्न ओट्यावर वाटतो तेवढा सरळ राहत नाही.

सभेला हजर राहणे ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो खोडून काढला. संसदेच्या कामकाजाचे आज जे नियम आहेत, म्हणजे बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, ते सगळे बुद्धाच्या भिक्खू संघाला माहीत होते आणि संघ ते पाळत होता, असे त्यांनी तिथे सांगितले. यातला गणपूर्तीचा भाग आमच्या विषयाचा आहे. विनयपिटकातल्या महावग्गाप्रमाणे चार भिक्खूंशिवाय संघाचं कर्म होत नाही, आणि मध्यदेशात उपसंपदा द्यायची तर दहा भिक्खू लागतात. अवंतीत सोण कुटिकण्ण नावाच्या उपासकाला उपसंपदा हवी होती. तिथे भिक्खू थोडे. दहा जण गोळा करता करता महाकच्चायन थेरांना तीन वर्षं लागली. तीन वर्षं सोण थांबला, पण नऊ जणांत भागवून घ्या असं कोणी म्हटलं नाही. पुढे सोण भगवंतांना भेटायला गेला, त्याने ही अडचण मांडली, आणि सीमेवरच्या प्रदेशांसाठी पाच भिक्खूंची सवलत मिळाली. म्हणजे नियम अडचणीचा झाला तेव्हा तो रीतसर बदलला, मोडला नाही.

गैरहजेरीचाही विचार तिथे झालेला आहे. उपोसथाच्या दिवशी एखादा भिक्खू आजारी असेल तर त्याने आपली परिशुद्धी दुसऱ्याकरवी कळवायची. संघकर्म असेल तर आपला छंद, म्हणजे संमती, कळवायची. (पालीतला छंद म्हणजे आपला नादाचा छंद नव्हे.) ते जमत नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणायचे. हलवल्याने दुखणं वाढणार असेल तर संघानेच त्याच्यापाशी जाऊन उपोसथ करायचा. एकाला वगळून कर्म उरकायचे नाही. भिक्खूला पगार नव्हता, तेव्हा कापायचं काय? पण हजर राहणं किंवा न येण्याचं कारण कळवणं हे त्याच्यावर बंधनकारक होतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रायगड तेव्हा कुलाबा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याच्या आधारे महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जावं लागलं. महाडची हकीकत या पानांवर दरवर्षी येते. आम्हांला तिची दुसरी बाजू दाखवायची आहे. त्या ऑगस्टच्या दिवशी कौन्सिलात ठराव मांडायला एक माणूस हजर होता आणि हात वर करायला पुरेसे सभासद हजर होते. तो दिवस चुकला असता तर महाडच्या नगरपालिकेपुढे आधाराला काही नव्हतं.

त्या काळी कौन्सिलात बसायला कोणाला परवडत होतं? जमीनदार, खोत, सावकार, चालती वकिली असलेले. विलायतेतही हीच तऱ्हा. खासदाराला पगार द्या ही मागणी तिथल्या कामगारांच्या सनदी चळवळीने १८३८ साली सहा मागण्यांत घातली होती. साधं कारण, उपाशी पोटी कामगार पार्लमेंटात किती दिवस बसणार? ती मान्य व्हायला १९११ उजाडलं, तेव्हा वर्षाला ४०० पौंड ठरले. म्हणजे लोकप्रतिनिधीचा पगार हा मुळात हजेरीचा मोबदला म्हणून आला नाही. गरिबाला सभागृहात बसता यावं म्हणून तो आला. आमच्या मते सगळा वाद इथेच सुटतो किंवा इथेच अडतो.

बाबासाहेबांनी हाच मुद्दा मुंबई विधानसभेत मांडला. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि मंत्र्यांचा पगार महिना ५०० रुपये ठरवणारं विधेयक आलं. त्याग म्हणून त्याचं कौतुक चाललेलं. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते या नात्याने बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की पगार ठरवताना त्या पदाला लागणारी पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता यांचा विचार झाला पाहिजे. तो इतका कमी ठेवला की ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यालाच तो परवडावा, तर सत्ता पुन्हा त्याच लोकांच्या हातात जाईल. गरिबांचा पुढारी जास्त पगाराची बाजू घेतो, हे ऐकायला उलटं वाटतं. पण त्याच वर्षी १७ सप्टेंबरला याच सभागृहात त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि समोर बसलेल्यांत कोण कोण होतं ते कुलाबा-रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको. ते विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने.

आता कायदा. १९३५च्या भारत सरकार कायद्यात एक कलम होतं. प्रांतिक सभागृहाचा सभासद सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकेल. आपल्या राज्यघटनेने हे जवळजवळ जसंच्या तसं उचललं. खासदारांसाठी कलम १०१ (४), आमदारांसाठी कलम १९० (४). गैरहजेरीबद्दल घटनेने स्वतः लिहिलेली शिक्षा ही एवढीच आहे, आणि ती पैशाची नाही, जागेची आहे. मात्र तिच्यात दोन फटी आहेत. सभागृहाचं सत्र संपलेलं असेल किंवा सलग चारपेक्षा जास्त दिवस काम तहकूब असेल तर ते दिवस मोजायचे नाहीत. शिवाय कलमात "करू शकेल" असं आहे, "करील" असं नाही. जाहीर करायचं की नाही ते सभागृहाच्या मर्जीवर. सभागृहाची मर्जी म्हणजे बहुमताची मर्जी, हे वेगळं सांगायला नको.

ही घटना लिहितानाची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीत सांगितलं की, मसुदा समितीवर सात जण नेमले खरे, पण एकाने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी दुसरा आला, एक वारला, एक अमेरिकेत होता, एक संस्थानांच्या कामात गुंतलेला, आणि एक-दोघे दिल्लीपासून दूर, बहुधा प्रकृतीमुळेही येऊ न शकलेले. शेवटी मसुद्याचा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. ही मसुदा समिती १४१ दिवस बसली, हा आकडा बाबासाहेबांनी १९४९च्या भाषणात दिला आहे. गैरहजर कोण होतं याचा पाढा मात्र त्यांनी वाचला नाही. उलट बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि समितीतल्या सहकाऱ्यांना श्रेय दिलं. आम्हांला विचाराल तर गैरहजेरीवरचं याहून बोलकं उदाहरण संसदेच्या इतिहासात नाही, आणि यात कोणाचा पगार कापण्याचा प्रश्नच आला नव्हता.

पगाराची कलमं निराळी आहेत. खासदारांसाठी १०६, आमदारांसाठी १९५. त्यांत इतकंच म्हटलंय की, संसद किंवा राज्याचं विधिमंडळ वेळोवेळी कायद्याने ठरवील ते वेतन आणि भत्ते सभासदांना मिळतील. यातला "कायद्याने" हा शब्द मोलाचा. अध्यक्षांना रागाच्या भरात एखाद्याचा पगार रोखता येणार नाही, मुख्यमंत्र्यांनाही नाही, त्यासाठी कायद्यात तशी तरतूद करावी लागेल. आणि विधिमंडळाने ती केली तर? ती घटनाबाह्य ठरायचं कारण आम्हांला दिसत नाही. पुरावा घटनेतच आहे. न्यायाधीशाचे हक्क नेमणुकीनंतर त्याला तोटा होईल असे बदलता येत नाहीत. महालेखापालाचं वेतनही तसंच सुरक्षित ठेवलं आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचं मानधन त्यांच्या मुदतीत कमी करता येत नाही. घटनाकारांना ज्यांच्या पगाराभोवती कुंपण घालायचं होतं तिथे त्यांनी ते स्पष्ट शब्दांत घातलं. खासदार-आमदारांभोवती घातलं नाही.

याचा अनुभव २०२० साली आला. कोरोनाच्या साथीत संसदेने १९५४च्या वेतन कायद्यात दुरुस्ती करून खासदारांचं वेतन एका वर्षासाठी ३० टक्क्यांनी कमी केलं. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही एप्रिल २०२० मध्ये आमदारांच्या वेतनात तेवढीच कपात ठरवली. मुदत चालू असताना सरसकट कपात होऊ शकते, तर विनापरवानगी गैरहजेरीसाठी का होऊ नये?

अमेरिकेत हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे. तिथल्या काँग्रेसने १८५६ सालीच कायदा केला की, सभासद जितके दिवस गैरहजर तितक्या दिवसांचा पगार कापावा, स्वतःचं किंवा घरच्यांचं आजारपण हे कारण असेल तर सोडून. कायदा पुस्तकात राहिला आणि अंमल जवळजवळ बंद पडला. कारण हजेरी मांडणारेही तेच आणि कापून घेणारेही तेच! त्यात १९९२ साली तिथल्या घटनेला सत्ताविसावी दुरुस्ती जोडली गेली. सभासदांच्या मोबदल्यात बदल करणारा कायदा मधे एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होणार नाही, असं ती म्हणते. त्यामुळे नवी कपात आणायची तर घटनेत बसते का, हा प्रश्न तिथे खरोखर उभा राहतो. आपल्याकडे अशी अट नाही. आपली अडचण घटनेत नाही, इच्छेत आहे.

थोडीफार कपात आपल्याकडेही आहे, ती भत्त्याची. १९५४च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये वेतन आणि कामाच्या दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. २०२५ साली निघालेल्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२३ पासून हे आकडे १,२४,००० आणि २,५०० झाले. यातलं वेतन संपूर्ण मुदतीसाठी दरमहा आहे, त्याला हजेरीची अट नाही. दैनिक भत्त्याला मात्र नोंदवहीत सही करावी लागते, असं कायद्यातच पुढे घातलं गेलं. सही नाही तर भत्ता नाही. म्हणजे खाडा कापण्याचं तत्त्व संसदेने स्वतःपुरतं मान्य केलेलंच आहे, फक्त लहान रकमेवर. आता सही करून दहा मिनिटांत बाहेर पडलं तर? कायदा सही विचारतो, किती वेळ बसलात ते विचारत नाही. गिरणीत हजेरी लावून पसार होणाऱ्याला मुकादम संध्याकाळी गाठायचा. इथे मुकादम कोण?

पगार कापल्याचा कोणाला किती चटका बसेल याचा अंदाज एका मराठी माणसाच्या उदाहरणावरून येईल. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेवर नियुक्त सभासद होते. २०१४ साली त्यांच्या गैरहजेरीबद्दल राज्यसभेतच प्रश्न निघाला. तेव्हा उपसभापती पी. जे. कुरियन यांनी खुलासा केला की, साठ दिवसांची मर्यादा ओलांडलेली नाही, त्यामुळे घटनेचा भंग नाही. २०१८ साली मुदत संपताना तेंडुलकरांनी सहा वर्षांचं वेतन आणि भत्ते, सुमारे ९० लाख रुपये, पंतप्रधान मदतनिधीला देऊन टाकले. देणगी चांगलीच, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण जो सगळा पगार देऊन टाकू शकतो त्याचा एक दिवसाचा पगार कापून काय साधणार? आणि मोलमजुरी करणाऱ्या घरातून निवडून गेलेला, गावाहून एस.टी.ने म्हसळा-माणगाव करत मुंबई गाठणारा एखादा सभासद असेल, तर त्याच कपातीने त्याच्या घरची चूल अडेल. कायदा एकच, घाव दोन. १९३७ साली बाबासाहेब जे सांगत होते ते इथे पुन्हा समोर येतं.

जागा जाण्याचं म्हणाल, तर तीही जवळजवळ जातच नाही. २००० साली पंजाबचे राज्यसभा सभासद बर्जिंदरसिंग हमदर्द यांची जागा साठ दिवसांच्या गैरहजेरीवरून रिकामी जाहीर झाली. एरवी रजेचा अर्ज येतो आणि मंजूर होतो.

पण नाण्याची दुसरी बाजू आपल्याच विधानसभेने दाखवली. गैरहजेरी सभासदाची नसते, त्याच्यावर लादलीही जाते. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. पक्ष कोणता हे बाजूला ठेवून वाचावं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितलं की, चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे. न्यायालयाचा विचार असा, की हकालपट्टी केली तर निदान सहा महिन्यांत पोटनिवडणूक होऊन मतदारांना नवा माणूस मिळतो. वर्षभराच्या निलंबनात माणूसही नाही आणि निवडणूकही नाही, म्हणजे शिक्षा आमदाराला नसून मतदारसंघाला झाली. त्या अधिवेशनानंतरच्या काळातले सभासदत्वाचे सगळे लाभही बाराजणांना देण्याचा आदेश झाला.

संसदेत डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले. निलंबनाच्या काळात दैनिक भत्ता मिळत नाही, तो त्यांनाही मिळणार नव्हता. आणि २५ फेब्रुवारी २०२५ रोजी बिहार विधानपरिषदेच्या सुनीलकुमार सिंह यांची हकालपट्टी सर्वोच्च न्यायालयाने जास्तीची ठरवून रद्द केली, बाहेर काढलेला काळ निलंबनाचा धरला, पण त्या काळाचं वेतन आणि इतर लाभ मागता येणार नाहीत असंही सांगितलं. म्हणजे न बसलेल्या दिवसांचा पगार जाऊ शकतो, हे न्यायालयाच्या लेखणीतूनही एकदा आलं आहे.

आता "विनापरवानगी गैरहजर" कोण, हे उद्या कायद्याने बहुमताच्या हाती दिलं, तर परवानगी कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, याचा अंदाज ज्यांचे सभागृहात दोन-चारच प्रतिनिधी असतात त्यांनी आधी करावा. म्हणून आमचं मत असं. कपात करायची तर कायद्यानेच, भत्त्यापुरतीच, आणि आजारपण, बाळंतपण, तुरुंगवास, निलंबन ही कारणं कायद्यातच लिहून, कोणाच्या मर्जीवर न ठेवता. पगाराला हात लावू नये. हात लावायचा तर साठ दिवसांच्या कलमातल्या "करू शकेल" या शब्दाला लावावा, आणि कोण किती दिवस आला याची यादी अधिवेशन संपताच मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.

ग्रामपंचायतीचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्या सदस्यांना लागू असलेला कायदा १९५८चा. त्याच्या कलम ४० प्रमाणे पंचायतीच्या परवानगीवाचून सलग सहा महिने सभांना न येणारा सदस्य सदस्य राहत नाही. इथे "करू शकेल" नाही. जागा रिकामी होते. त्याला मिळतो तो बैठक भत्ता, तोही बसलेल्या बैठकीचा. विधानसभेत २८८ सभासद आहेत, गणपूर्तीला त्यांतले २९ पुरतात, आणि २०२१चं ते पावसाळी अधिवेशन भरलं होतं दोन दिवस.